उज्ज्वलावहिनीचा तळहात

उज्ज्वलावहिनीने मला पहिल्यांदा पाहिलं आणि नावगाव विचारायच्या आधी माझ्या कपाळावर हात ठेवला. प्रकाशा गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायला माझी नेमणूक झाली होती. मी मूळची सांगलीकडची, त्यामुळे तापीकाठचं ऊन काय चीज असते याची मला कल्पना नव्हती. शहाद्याहून रिक्षाने भर दुपारी खोली बघायला आले होते. तिने हात काढला, आत गेली, एक कांदा फोडून आणला आणि माझ्या नाकापुढे धरला. "हाऊ कांदा हुंगा. ऊन लागेल शे तुम्हले," एवढंच म्हणाली. खोली मी धड बघितलीही नाही. तशीच घेतली आणि पुढची काही वर्षं त्यांच्याच घराच्या पुढच्या भागात राहिले.

हात ठेवणं हा तिचा स्वभावच होता. दुसऱ्या बायका बघतात, विचारतात, हुंगतात. ही आधी हात ठेवायची. म्हशीच्या पोटावर, कणकेच्या गोळ्यावर, गार झालेल्या चुलीवर, न्हाणीघराच्या भिंतीवर. भिंतीवर हात ठेवून मळ्यातून पाइपने पाणी निघालंय की नाही ते सांगायची, आणि खरंच थोड्या वेळाने नळाला धार लागायची. बाजारात टरबुजावर हात ठेवून डोळे मिटून उभी राहायची तेव्हा मागे लोक खोळंबायचे आणि मला लाज वाटायची. मी चिडवायचे, वहिनी, आता फोन वाजला की मोबाइलवर हात ठेवून सांगा कुणाचा ते. एकदा तिने खरंच ठेवला आणि म्हणाली, बहिणीचा. बहिणीचाच होता. मी थक्क झाले तशी पदर तोंडाला लावून हसली. ठेवण्याआधी नाव वाचलं होतं तिने.

पण एक गोष्ट होती जिच्यावरून मी कधी चिडवलं नाही. आमचं घर घाटाच्या रस्त्यावर होतं. प्रकाशाला लांबलांबच्या गावांहून लोक दहाव्याला आणि अस्थी घेऊन येतात, आणि त्यांची माणसं मडकं घेऊन आमच्याच दारावरून जायची. त्यांची चाहूल लागली की वहिनी ज्यावर हात असेल त्यावरून तो उचलायची. पोळपाटावरून उचलायची, म्हशीच्या पाठीवरून उचलायची, आणि ते लोक वळणाआड होईपर्यंत दोन्ही हात हवेत धरून उभी राहायची. का, ते मी विचारलं नाही. विचारू नये असं तिच्या तोंडावर असायचं.

तिचा नवरा रमणभाऊ. केळी लावायचा, आणि बोलायचा. त्याच्या बोलण्याला लाईट लागायची नाही, ते चोवीस तास चालू असायचं. पाणी, खत, वायरमन, माझी शाळा, माझं लग्न, सगळ्यावर त्याचं मत तयार असायचं. वहिनी त्याच्या बोलण्यातला एखादाच शब्द उचलायची आणि बाकीचं जाऊ द्यायची. लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात मूल नव्हतं, त्याविषयी मात्र तो चकार शब्द काढत नसे.

मग संक्रांतीच्या सुमाराला त्यांना मुलगा झाला. नाव ठेवलं हर्षल, पण वहिनी त्याला पोऱ्याच म्हणायची. माहेराहून ती बाळाला घेऊन आली त्याच दिवशी तिने मला आत बोलावलं. तिचा चेहरा असा होता की मला वाटलं सोन्याचं काहीतरी दाखवणार. बाळाचं झबलं वर केलं, माझा हात धरला आणि त्याच्या छातीवर टेकवला.

"हात ठेवी दखा, मॅडम. मन्हा पोऱ्या गानं म्हनस."

माझ्या हाताखाली काहीतरी घुरघुरत होतं. मांडीत मांजर बसलं की ते जसं आतून घुरघुरतं, तसंच. ठोके होते, पण प्रत्येक ठोक्याला जोडून ती थरथर होती. ती बाळाच्या बरगड्यांतून निघून माझ्या बोटांत शिरत होती. मी हात काढला तरी ती थोडा वेळ बोटांत राहिल्यासारखी वाटली. मी डॉक्टर नाही, पण छातीत असं काही नसतं एवढं मला कळत होतं. आणि ही बाई इतकी खूश होती. कानबाई देवीला रोटांचा नवस बोलल्यावर हे पोर झालं, देवीच्या गाण्यातलंच काहीतरी त्याच्यात उतरलंय, असं ती मला सांगत होती. मी म्हटलं, वहिनी, एकदा दवाखान्यात दाखवू या. तिने मान हलवली आणि पुन्हा आपला तळहात तिथे ठेवला.

पुढचे महिने ती तशीच बसलेली असायची. बाळ झोळीत, ती झोळीशी, हात आत. त्या थरथरीवर ती स्वतःच पेंगायची. बाळ दूध पिताना मध्येच थांबायचं, धापा टाकायचं, त्याच्या कपाळावर घाम जमायचा. अंगाने काही केल्या भरत नव्हतं. वहिनी म्हणायची, नाजूक आहे. मी दवाखान्याचं टुमणं लावलं की रमणभाऊ माझ्याशी विषय बदलून केळीच्या पानांवरच्या ठिपक्यांवर यायचा. त्यालाही कळलं होतं असं मला आता वाटतं.

शेवटी अंगणवाडीत पोरं तपासायला डॉक्टर आल्या. मी सोबत गेले होते. त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या छातीवर नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. वहिनी अभिमानाने त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ऐकू आलं ना, असं तिने विचारलंदेखील. त्या बाईंनी नळी कानातून काढली. मग त्यांनी हळूहळू सांगितलं की हृदयात भोक आहे, मोठं आहे, ऑपरेशन करावं लागेल आणि फार थांबून चालणार नाही.

घरी येऊन ओट्यावर बसल्यावर वहिनी म्हणाली की तुम्ही पोरांना हे शिकवता, मला सांगा. मी सांगितलं. हृदयात खोल्या असतात, दोन खोल्यांमध्ये भिंत असते, बाळाच्या भिंतीला भोक आहे, रक्त त्यातून जोरात घुसतं, त्याचीच ती थरथर. डॉक्टर भोक बुजवतील. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"भोक बुजनं म्हंजे गानं बंद व्हई का?"

मी म्हटलं, बंद होईल. बंद व्हायलाच पाहिजे.

"मंग तो कोठे जाई?"

मी हसले. कुठे जाणार, इथेच राहील, तुमच्या झोळीत, आणि चांगला गुबगुबीत होईल, असं काहीतरी बोलले. ती हसली नाही. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू प्रश्न मलाच कळलेला नाही.

तारीख ठरेपर्यंत ती बाळाला सारखी अंगाशी धरून असायची आणि रमणभाऊ मोबाइल घेऊन मळ्यात जायचा. तिथे केळीच्या ओळींत उभा राहून तो हृदयाच्या ऑपरेशनचे व्हिडिओ बघायचा. एकामागून एक. पाटाचं पाणी फुटून शेजारच्या शेतात गेलं तरी त्याला पत्ता नसायचा. एकदा मला गाठून त्याने सांगितलं की ऑपरेशनच्या वेळी हृदय बंद करतात, रक्त मशीन फिरवतं, आणि भोक शिवल्यावर पुन्हा चालू करतात. हे वहिनीला सांगायचं नाही, असं बजावलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही नसतंच सांगितलं.

दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन झालं, सुरतच्या एका मोठ्या दवाखान्यात. नंदुरबारहून रेल्वेने गेलो. वहिनीने मला चला म्हटलं आणि सांगलीला जाण्यापेक्षा मला तेच बरं वाटलं. सकाळी बाळाला आत नेलं. आम्ही बाहेर मोठ्या दालनात बसलो. खुर्च्या होत्या, पण वहिनी खाली फरशीवर भिंतीला लागून बसली आणि तिने भिंतीवर तळहात टेकवला. त्या भिंतीपलीकडे बाळ नव्हतंच, ऑपरेशनची खोली वरच्या मजल्यावर होती. मी तिला ते सांगितलं नाही. रमणभाऊ शेजारच्या एका अनोळखी माणसाला ठिबक सिंचन समजावत होता. तो माणूस गुजराती होता आणि त्याच्या वडिलांचं ऑपरेशन चाललं होतं, पण रमणभाऊपुढे इलाज नव्हता.

असा बराच वेळ गेला. चहा झाला, कुणाला झोप लागली. मी वहिनीच्या हाताकडे बघत नव्हते, पण तो उचलला गेलेला मला दिसला. तिने दोन्ही हात हवेत धरले, घाटाकडे जाणारे लोक दारावरून जाताना धरायची अगदी तसे. तिथे कुणीही जात नव्हतं.

"थांबनं," ती म्हणाली.

रमणभाऊचं बोलणं शब्दाच्या मध्येच तुटलं. त्या माणसाला वाटलं पुढे काही आहे, तो वाट बघत राहिला. रमणभाऊचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तो माझ्याकडे बघत होता, मी तिला सांगितलं की काय अशा नजरेने. मी नकारार्थी मान हलवली. मला खरंच भीती वाटली. मी मनाशी म्हटलं, भिंतीतून एसीची घरघर येत असेल, ती बंद पडली असेल. पण एसी चालूच होता, गार वारा माझ्याच मानेवर येत होता.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. सगळं उत्तम झालंय म्हणाले. रमणभाऊ त्यांच्या पाया पडला आणि तिथेच बसून रडायला लागला. मीही रडले. वहिनीने फक्त एक विचारलं, ऑपरेशन चालू असताना बाळाचं हृदय थांबलं होतं का. डॉक्टरांनी रमणभाऊकडे बघितलं, मग तिला समजावलं की थोडा वेळ थांबवलं होतं, थांबवावंच लागतं, आणि नंतर ते आपलं आपण छान चालू झालं. तिने मान डोलावली. ते गेल्यावर ती मला म्हणाली, "थांबना तो गया. मंग उठना तो कोन शे?"

मला वाटलं होतं, घरी गेल्यावर हे जाईल. बाळाला जवळ घेतलं की जाईल. उलट झालं. बाळ दिवसागणिक चांगलं होत गेलं आणि त्याचं प्रत्येक चांगलं होणं तिच्या लेखी पुरावा ठरत गेलं. ते पोटभर दूध प्यायला लागलं. तिचं बाळ थकायचं. त्याच्या गालांवर मांस चढलं. तिचं बाळ नाजूक होतं. ते खणखणीत रडायला लागलं, सगळी आळी ऐकेल एवढं. तिच्या बाळाला एवढा दम कधीच नव्हता. गावातल्या बायका बघायला यायच्या आणि म्हणायच्या, अगं, ओळखूच येत नाही. बिचाऱ्या कौतुकाने म्हणायच्या. वहिनी म्हणायची, हो ना.

"मन्हा पोऱ्या दूध पेतांना थके," ती मला शांतपणे समजावून सांगायची, वर्गात मी पोरांना सांगते तशी. "हाऊ थकस नही."

तिने त्याची आबाळ केली असती तर मी भांडले असते. ते मला जमलं असतं. पण तिने कसूर म्हणून केली नाही. औषधं वेळेवर, तेल, आंघोळ, टाक्यांच्या व्रणाला मलम, सगळं अगदी नेमकं. शेजारणीने तासाभरासाठी पोर ठेवायला दिलं की बाई ते आपल्या पोरापेक्षा जास्त जपते, कारण परत द्यायचं असतं, तसं तिचं चाललं होतं. फक्त त्याच्या छातीवर हात ठेवायची नाही. उचलतानाही काखेत बोटं घालून उचलायची. ते पोर तिच्या तोंडाकडे टकमक बघत हसायचं, हात पसरायचं, आणि ती तितकंच नीट, तितकंच गोड, परक्यासारखं हसायची. मला तिचा राग यायचा. आणि कधीकधी, खरं सांगते, त्या पोराकडे बघताना माझ्याही मनात पाल चुकचुकायची. रडणं थांबलं की एवढं निवांत राहणारं मूल मी पाहिलं नव्हतं. त्याला जणू माहीत होतं की त्याची वाट कुणी बघत नव्हतं.

झोळी तिने काढली नाही. नवं बाळ, म्हणजे तेच बाळ, खाली गोधडीवर निजायचं आणि झोळी रिकामी टांगलेली. एका दुपारी मी शाळेतून लवकर आले तर ती झोळीशी बसली होती, हात आत. मला बघून दचकली नाही. हळूच म्हणाली, "हात ठेवी दखा."

मला नको होतं ते. पण ठेवला. रिकामं धुवट कापड. आणि त्या कापडात ती घुरघूर होती. अगदी बारीक, पण माझ्या बोटांनी ती ओळखली. मी हात झटकन काढला आणि म्हटलं की मागच्या गल्लीतली गिरणी चालू असेल, तिचा हादरा तुळईतून येतोय.

"लाईट कोठे शे, मॅडम?" ती म्हणाली.

लाईट सकाळपासून नव्हती. पंखा थांबलेला, गल्ली चिडीचूप. त्यानंतर मी महिनाभर त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. विज्ञान शिकवते म्हणून मला काहीतरी कारण सापडायला हवं होतं आणि मी शोधलंही. स्वतःच्याच नसांतला ठोका बोटांना लागतो, हे मला माहीत आहे. त्या दिवशी लागलं ते तेच होतं का, हे मला माहीत नाही.

दोघं बाळाला तपासणीला सुरतला घेऊन गेली तेव्हा रमणभाऊने डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, असं काही आयांचं होतं, वेळ द्या, बोलतं ठेवा. कुणीतरी सातपुड्यातल्या एका भगताचं नाव सुचवलं होतं, त्याला मात्र रमणभाऊने साफ नकार दिला. पण त्याचं बोलणं आटलं होतं. संध्याकाळी ओट्यावर बसायचा, पोर मांडीवर घेऊन, आणि रस्त्याकडे बघायचा. एकदा मला म्हणाला, "माले माहीत व्हतं बंद करतीन. मी तिले सांगं नही." तिला आधी सांगितलं असतं तर तिने मनाची तयारी केली असती, असं त्याला वाटत होतं. मग पोराच्या डोक्यावरून हात फिरवत, "मालेबी कधी कधी तो वळखू येस नही."

ते पोर रांगायला लागलं, भिंतीला धरून उभं राहायला लागलं. एवढ्या मरणातून ओढून आणलेलं पोर, आणि त्याला आई नव्हती. आई समोर बसून त्याला वरण-भात भरवत होती आणि त्याला आई नव्हती. ती त्याला कधी मिळणार की नाहीच, याच्यापुढे मला दुसरं काही सुचत नसे. रोज शाळेतून येताना मी दारातून आधी तिचा चेहरा बघायचे, काही बदललंय का म्हणून.

उन्हाळ्यात माझी बदली सांगलीकडे झाली. निघायच्या दिवशी नेमकी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. जेवल्याशिवाय जायचं नाही, असा दोघांचा हट्ट. गावभर माहेरवाशिणी आल्या होत्या, निंबांना झोके बांधलेले, आणि घराघरातून आंब्याच्या रसाचा वास. आखाजीला इकडे घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. नव्या मडक्यात पाणी, त्यावर खरबूज, आंबा, सांजोरी, आणि शेजारी निखाऱ्यांवर तुपासह घास टाकून नैवेद्य दाखवतात. ज्याच्यासाठी घागर भरली त्याची उन्हाळ्याची तहान भागते, असं मानतात.

देवघरापुढे वहिनीच्या सासऱ्यांची घागर मांडलेली होती. तिच्याजवळ वहिनीने दुसरं मडकं आणून ठेवलं. लहान, तांब्याएवढं. त्यात पाणी ओतलं, गळ्याला दोरा गुंडाळला आणि वर एक आंबा ठेवला.

जिवंत पोराची घागर. पोर इथेच होतं, भिंतीला धरून चार पावलं टाकत आमच्याकडे येत होतं. मी रमणभाऊकडे बघितलं. आता हा ओरडणार, मडकं लाथाडणार, असं मला वाटलं, आणि त्याने तसं करावं असंही वाटलं. तो दारात उभा राहून त्या मडक्याकडे बघत होता. मग तो आला, खाली बसला, निखाऱ्यावर वडिलांच्या नावाचा घास टाकला. पुरणपोळीचा दुसरा तुकडा मोडला, त्याला तूप लावलं आणि तोही टाकला. धूर वर गेला.

तेव्हा वहिनी रडली. सुरतेला रडली नव्हती, घरी आल्यावर रडली नव्हती. आता मात्र जमिनीवर कपाळ टेकून, मयताच्या घरात रडतात तशी मोकळ्या गळ्याने रडली, आणि रमणभाऊ तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. बाहेर झोक्यांवरच्या पोरी गात होत्या. मी मध्ये पडले नाही. दोघं आपलं पोर पोहोचवत होती आणि तिथे माझं काही काम नव्हतं.

रिक्षावाल्याने बाहेरून हाक मारली. मी पिशव्या उचलल्या आणि उंबऱ्याशी थांबून मागे बघितलं. वहिनीने पदराने तोंड पुसलं होतं. पोर तिच्यापर्यंत पोहोचून तिच्या खांद्याला धरून उभं होतं. तिने त्याला ओढून मांडीत घेतलं, घट्ट, पोर कळवळेल इतकं घट्ट, आणि त्याचं डोकं हाताने त्या लहान मडक्यापुढे वाकवलं.

"पाया पड, राजा. तुन्हा मोठा भाऊ शे."

पोराने कसलं पाया पडणं, त्याने दोन्ही हातांनी वरचा आंबाच धरला. रमणभाऊ तो सोडवायला पुढे झाला. वहिनीने त्याला थांबवलं, आंब्याचं देठ स्वतःच्या दातांनी तोडलं, चीक पुसला आणि आंबा पोराच्या तोंडाला लावला.

"खा," ती म्हणाली. "भाऊनी दिन्हा तुले."